मापाऱ्याच्या घरची आमटी

“काटा बोलू द्या, तुम्ही गप बसा.”

हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही, त्यानं त्या काळी तीर्थपुरीच्या बाजारात धान्य विकलंच नाही असं खुशाल समजावं. असं म्हणताना मापारी उजव्या हाताचं बोट वर करायचे, एक पाऊल मागं सरायचे आणि पारडी थांबेपर्यंत कुणाला श्वासही मोठ्यानं घेऊ द्यायचे नाहीत. मग समोर शेतकरी असो, आडत्या असो, की कुणाचा वशिला घेऊन आलेला असो. काटा स्थिर झाला की खड्या आवाजात पहिलं माप पुकारायचे, “लाभ!” एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही धान्य मोजणाऱ्यांची रीत. लाभ, दोन, तीन, चार, असं दुपारपर्यंत चालायचं. आमच्या शाळेच्या खिडकीतून ते ऐकू यायचं आणि माझी पहिलीची पोरं अंक म्हणताना ‘लाभ’पासून सुरुवात करायची.

मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. लग्न नवं होतं, नवरा जालन्याला नोकरीला. शनिवारी एसटीनं जालना गाठायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचं. मापाऱ्यांच्या अंगणातल्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या होत्या. त्यामुळं हा माणूस मला बाजारातलाही माहीत आणि घरातलाही. बाहेर एक आणि घरात दुसरं असं वागणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. हे तसे नव्हते. ते दोन्हीकडं तितकेच सरळ होते, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. लबाड माणसावर रागावणं सोपं असतं.

त्यांचा सरळपणा म्हणजे काय, ते सांगते. एका व्यापाऱ्यानं वजनाच्या पारड्याच्या खाली चिंचेचा गोळा चिकटवला होता. मापाऱ्यांनी पारडं उलटं केलं, गोळा सोलून काढला आणि भर बाजारात शेठजींच्या हातावर ठेवला. “शेठ, हे घरी आमटीत घाला. धान्यात कशाला खर्च करता?” शेठजी लाल झाले. मापाऱ्यांना त्या आडतीवर महिनाभर काम मिळालं नाही. ते रोज सकाळी त्याच आडतीसमोर जाऊन बसत, काहीही न करता, नुसते बघत. शेवटी शेठजीच कंटाळले.

लग्नाच्या पंगतीतही तेच. पंगतीच्या टोकाला शेतमजूर बसलेले असत आणि वाढपी तिकडं पोचेपर्यंत वरणाच्या बादलीत पिवळं पाणी उरलेलं असे. मापारी मधूनच उठून वाढप्याचं मनगट धरायचे. “बुडातून वाढ रे. ह्यांचं पोट काय भाड्यानं आनलंय का?” यजमान ओशाळून जायचे. काही घरांनी त्यांना बोलावणंच बंद केलं.

असा हा माणूस. आता त्यांच्या घरची आमटी ऐका.

त्यांच्या घरी दिवसाआड मटकीची आमटी व्हायची, येसर लावून. येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरच्या, खोबरं असं सगळं खमंग भाजून दळलेलं पीठ. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात त्याचा डबा असतोच. मापाऱ्यांची बायको, तिला मी काकू म्हणायची, वर्षाचं येसर एका दिवशी करायची आणि त्या दिवशी गल्लीभर शिंका सुरू असायच्या. आमटी मात्र सून करायची. आदल्या दिवशी भिजवलेली मटकी फडक्यात बांधून उतरंडीजवळ टांगलेली असे. मोड चांगले बोटभर आले की ती हळद-मीठ घालून शिजवायची. कांदा आणि खोबऱ्याची वाटी चुलीत सरळ निखाऱ्यावर टाकून काळी करायची, लसणाबरोबर पाट्यावर वाटायची. तेल सढळ, फोडणी चरचरीत. मग वाटण, मग मटकी, आणि शेवटी पाण्यात कालवलेलं येसर. आमटीला एक उकळी आली की वर लाल तवंग यायचा आणि माझ्या खोलीत वह्या तपासता तपासता माझी भूक खवळायची.

मापारी बाजारात सगळ्यांना सांगायचे, “आमच्या घरची आमटी येकदा खाऊन बघा. ताटात पळी उभी राहती!”

खरंच राहायची. त्यांच्या ताटात.

कारण करायची सून, पण पळी असायची काकूंच्या हातात. काकू न ढवळता पळी सरळ तळाला घालायच्या आणि मापाऱ्यांना वाढायच्या. मग मुलाला. हा मुलगा तीर्थपुरी ते शहागड जीप चालवायचा, भूक दणकून असायची. दोघं दोनदा-तीनदा घ्यायचे. ते उठून गेले की काकू पातेल्यात डोकावायच्या, तांब्याभर गरम पाणी ओतायच्या, वर मूठभर येसर कालवायच्या आणि पुन्हा उकळी द्यायच्या. आमटी पुन्हा पातेलंभर. रंग तोच, वास तोच, दाटपणाही जवळजवळ तोच, कारण येसर पाण्याला दाट करतं. मटकी तेवढी नसायची. ती आमटी मग काकू आणि सून खायच्या, दुपारी अडीच-तीनला, चुलीपाशी बसून.

मी हे कितीतरी वेळा पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसले. माझ्या आईच्या घरी तरी दुसरं काय होतं? हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणावर ओरडले तर माझंही माप लक्षात ठेवा.

सुनेचं पहिलं बाळंतपण वाईट गेलं होतं. मूल अपुऱ्या दिवसांचं, दोन दिवसांत गेलं. गल्लीतल्या बायका तिच्या पायगुणाबद्दल कुजबुजल्या. मापाऱ्यांनी त्यांना अंगणात उभं राहून झाडलं होतं, तेही सांगितलं पाहिजे. वर्षभरानं तिला पुन्हा दिवस गेले. सहावा महिना असताना ती हापशावर पाणी भरता भरता कोसळली. मी शाळेतून येत होते. तिला उचलताना माझ्या लक्षात आलं की हिला वजनच नाही.

दुसऱ्या दिवशी तिला जीपमध्ये घालून मी आणि मापारी घनसावंगीला एका डॉक्टरांकडं गेलो. मुलगा आपली जीप घेऊन भाड्यावर गेलेला होता, म्हणून दुसऱ्याची जीप केली. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली आणि मान हलवली. अंगात रक्त नाही म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, “नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. हिच्या पोटात डाळी, कडधान्यं जाऊ द्या. असंच चाललं तर हे मूलही हाती लागायचं नाही, आणि हिचीही खात्री नाही.”

मापाऱ्यांचा पारा चढला. “डाक्टरसाहेब, बोलता काय तुम्ही? मी मापारी हाये. माझ्या घरात मटकीचं पोतं कधी रिकामं ऱ्हात न्हाई. माझ्या ताटात पळी उभी राहती!”

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुमच्या ताटाचं मी कुठं विचारलं?”

येताना जीपमध्ये ते सगळा रस्ता धुमसत होते. डॉक्टरला काही कळत नाही, शहरात शिकून आलेत, गरीब समजून बोलतात, मी काय सुनेला उपाशी ठेवून राह्यलो का. सून मागच्या सीटवर पदर तोंडाशी धरून बसली होती. ते तिचं गप्प बसणं मला सहन होईना, आणि माझं स्वतःचं तर त्याहून नाही.

अंगणात उतरल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. “काका, दुसऱ्या पारड्यात काय आहे ते न बघताच तुम्ही लाभ म्हणताय.”

“म्हंजे?”

“तुम्ही नेहमी पहिल्यांदा जेवता. एकदा शेवटी जेवणारीचं ताट बघा.”

ते माझ्याकडं असे बघत राहिले, की जणू मीच त्यांच्या पारड्याला चिंच लावली आहे. मग निघून गेले. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार.

दोन दिवसांनी बाजार बंद होता. मापारी जेवून बाहेर गेले होते. तीनच्या सुमाराला मी ताक मागायला काकूंकडं गेले, तर सासू-सुना नुकत्याच जेवायला बसलेल्या. तेवढ्यात मापारी दारातून आत आले, सरळ चुलीपर्यंत. त्या घरात पुरुष कधी चुलीपर्यंत येत नसे. सून घाईघाईनं उठायला लागली.

“बस पोरी,” ते म्हणाले. “जेवन सोडून उठू नको.”

त्यांनी खिळ्याला अडकवलेली चहाची गाळणी काढली. सुनेपुढचं जर्मनचं वाडगं उचललं आणि आमटी गाळणीतून दुसऱ्या भांड्यात ओतली. येसराची आमटी दाट, ती हळूहळू गळत होती. त्यांनी गाळणी हलवली, आपटली. गाळणीत मटकीचे पाच दाणे उरले आणि लसणाचं एक टरफल. दाणे त्यांनी तळहातावर घेतले. हा माणूस बाजारात मुठीत धान्य घेऊन त्यातला खडा नुसत्या आवाजावरून सांगायचा. तो त्या पाच दाण्यांकडं बघत उभा होता.

मग त्यांचा आवाज चढला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा. “हे काय हाये? पोटुशी बाई हाये ती! तू तिला पानी पाजून राह्यली? बाजारात कुनी असं केलं असतं तर मी...”

काकू उठल्या. मी त्या बाईला कधी नवऱ्यापुढं मान वर करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आपलं वाडगं उचललं आणि त्यांच्या हातातल्या गाळणीत स्वतः ओतलं. चार दाणे.

“बघा,” त्या म्हणाल्या. “बराबर बघून घ्या. ह्या घरात आले तवापासून मी हेच खाऊन राह्यले. तुमच्या पोराच्या येळंला पोटुशी व्हते तवा बी हेच खाल्लं. मला कुनी गाळून पाह्यलं?”

मापाऱ्यांनी गाळणी खाली ठेवली. मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला, की वाटलं ओरडावं. तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या पंगतीत वाढप्यांची मनगटं धरत फिरला, आणि ज्या हातानं त्याला तीस वर्षं वाढलं त्या हाताच्या मालकिणीनं काय खाल्लं हे त्यानं एकदा विचारलं नाही. भलेपणाला एवढंही दिसू नये? ते ओट्यावर जाऊन बसले, दिवस मावळेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा कायदा सुरू झाला. मापारी म्हणाले, “आजपासून पळी माझ्या हातात.” सगळ्यांची ताटं एकदम मांडायची, सगळ्यांनी एकदम बसायचं. ते झाऱ्यानं आधी नुसती मटकी काढायचे, सारखी वाटायचे, मग वरून रस्सा. पहिलं ताट सुनेचं. “लाभ!” दुसरं बायकोचं. “दोन!” आवाज बाजारातलाच. अर्धी आमटी ताटाबाहेर सांडायची. सून हसू दाबायला पदर तोंडात धरायची. मुलाला चौथ्या ताटाचा मान पसंत पडला नाही. “बापू, लोक काय म्हनतील? बायकांत बसून आमटी मोजून राह्यले तुम्ही,” असं म्हणून तो चार दिवस शहागडच्या ढाब्यावर जेवला. लोक म्हणालेच. आडतीवर त्यांना बघून कुणीतरी पळी वाजवल्यासारखं करायचं. मापारी म्हणायचे, “हसा. पन घरी जाऊन गाळनी घ्या हातात, मंग हसा.” मग हसणारे इकडंतिकडं बघायचे.

पण खऱ्या चिडल्या त्या काकू. आठव्या दिवशी त्या माझ्या खोलीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुम्हीच सांगितलं ना त्यास्नी? चांगलं केलं. पन माझी सासू मरेपर्यंत पळी माझ्या हाती लागली न्हाई. तिच्या मागं ती मला भेटली. आता ती बी ह्यांनी काढून घेतली. ह्या घरात माझं म्हनून काय हाये मंग?”

याचा विचार मीही केला नव्हता. मीसुद्धा त्यांना सरळ खलनायिका ठरवून मोकळी झाले होते. त्यांनी जे सोसलं तेच त्या पुढं देत होत्या, आणि त्याबद्दल शिव्याही त्यांनीच खायच्या, असा हा हिशेब.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मापाऱ्यांच्या हातातून झारा ओढून घेतला. “द्या इकडं. तुमाला धान्य मोजता येतं, आमटी न्हाई. सगळी जमिनीला पाजता.” आणि सुनेच्या ताटात झारा रिकामा केला, एकदा, दोनदा. मापाऱ्यांनी फक्त एक केलं. काकूंचं स्वतःचं ताट वाढून होईपर्यंत भाकरी मोडली नाही. आणि हा नेम त्यांनी पुढं कधीच मोडला नाही, मी तिथं होते तोवर तरी. काकू रोज करवादायच्या, “जेवा की, निवतंय.” ते म्हणायचे, “निवू दे.” तीस वर्षांचं उत्तर त्यांना एवढंच सापडलं होतं. मला ते कमी वाटायचं. काकूंना कमी वाटत नसावं, कारण करवादताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

सुनेला दिवस भरून मुलगी झाली. दोघी सुखरूप. नर्सनं बाळाचं वजन सांगितलं तर मापारी म्हणाले, “ह्या काट्यावर माझा भरोसा न्हाई, पुन्हा तोला.” नर्सनं पुन्हा तोललं. तेवढंच भरलं. तेव्हा हा माणूस सगळ्यांसमोर रडला.

पुढं माझी जालन्याला बदली झाली. मुलगी झाली, मुलगा झाला. शाळा, घर, नवऱ्याची ऑफिसची वेळ. तीर्थपुरीची गोष्ट मी शिक्षिकांच्या खोलीत अनेकदा सांगितली. गाळणीचा प्रसंग मी फार रंगवून सांगायची. बायकांचे डोळे पाणवायचे. मी पुरुषांवर तोंडसुख घ्यायची.

चौदा-पंधरा वर्षांनी मापारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जालन्याला आले आणि आमच्याकडं उतरले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. काकूंनी येसराचा डबा पाठवला होता. म्हणून मी रविवारी दुपारी मुद्दाम मटकीची आमटी केली. नवरा, मुलगा आणि मापारी असे तिघं बसले. मी वाढलं. नवरा आणि मुलगा जेवायला लागले. मापाऱ्यांचा हात ताटाशी थांबला.

“बाई, तुमचं ताट? अन् पोरीचं?”

“आम्ही मायलेकी बसतो मागनं. तुम्ही करा सुरुवात.”

“मंग मी बी मागनं बसतो.”

“काका, असं कसं? पाहुणे तुम्ही.”

“बाई, मला तर तुम्हीच दाखवलं व्हतं.” हे त्यांनी अगदी हळू, अजिजीनं म्हटलं. जणू चूक त्यांचीच होती.

आणि मला काय झालं कोण जाणे. नवऱ्यासमोर, मुलांसमोर, माझ्याच घरात हा माणूस मला शिकवतो! “तुमच्या घरची गोष्ट वेगळी होती काका,” मी जोरात म्हणाले. “मी नोकरी करते. माझ्या पोरीला कशाचीही ददात नाही!”

त्यांनी एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि निमूटपणे जेवले. ताट स्वच्छ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. परत कधी आले नाहीत. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी गेले नाही. शाळेत परीक्षा आहेत असं कारण सांगितलं, आणि परीक्षा होत्याही. पण एका दिवसात जाऊन येता आलं असतं. काकूंसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. पुरुष हात धुवायला उठले. नवऱ्यानं दोनदा घेतलं होतं, मुलानं तीनदा. मी पातेल्यात बघितलं, शेगडीवरचं गरम पाणी त्यात ओतलं, चमचाभर येसर कालवलं, उकळी दिली. हे सगळं करताना माझ्या मनात काही म्हणता काही आलं नाही. हातांना सवय होती. मी अजून त्यांच्यावर चिडलेलीच होते. मग मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीला हाक मारली. ती आली, मांडी घालून बसली, मी तिला वाढलं. तिनं भाकरी मोडली आणि वाटी तोंडाला लावून भुरका मारला.

“आई, आज आमटी मस्त झालीय गं,” ती म्हणाली.

तिच्या वाटीत मटकीचा एकही दाणा नव्हता.